डोक्यातली रत्नागिरी–पनवेल

धाकू मास्तर एसटीतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण त्याची गाडी काही डेपोत लागली नव्हती. एकतीस वर्षं कंडक्टरकी केली तेव्हा आठवड्याला एक सुट्टी तरी मिळायची. आता सुट्टी नाही, रजा नाही, पगार तर नाहीच नाही, आणि मेली गाडी दिवसातून चार-चार वेळा सुटायची. कुठून म्हणाल, तर त्याच्याच टाळक्यातून.

प्रकार असा होता. राही ही त्याची एकुलती एक पोर. पनवेलला एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायच्या नोकरीला लागली. पहिल्यांदा ती रत्नागिरी स्टँडवरून गाडीत बसली आणि मास्तर तिला हात करून मागे वळला, तोच त्याच्या डोळ्यांपुढे एक चित्र आलं. कशेडी घाटात गाडी खाली गेलेली, आणि करवंदीच्या जाळीवर राहीची पिवळी ओढणी. बस्स, एवढंच. एकतीस वर्षं तोच घाट चढला-उतरला तेव्हा असलं काही मनात आलं नव्हतं, आणि आता घरी बसून पेन्शन खाताना यायला लागलं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते उगाच नाही. मास्तरच्या वैऱ्यांना तर एवढी अक्कलही नव्हती.

ते चित्र पुसायला मास्तरने जे येत होतं ते केलं. मनातल्या मनात गाडी सोडली. टण टण, डबल बेल. हातखंबा, टण टण. निवळी, टण टण. संगमेश्वर, आरवली, सावर्डे, चिपळूण, लोटे, भरणे नाका, कशेडी, पोलादपूर, महाड, माणगाव, कोलाड, वडखळ, पेण, आणि पनवेलला सिंगल बेल, उतरा. दुपारी तीनला राहीचा फोन आला, "बाबा, पोचले." झालं! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, आणि मास्तरची खात्री पटली की पोर पोचली ती आपण गाडी नीट नेली म्हणून.

तिथून पुढे नियम वाढत गेले, आणि हे नियम महामंडळाच्या नियमांपेक्षा कडक. दोन बेलांच्या मध्ये वाईट विचार येता कामा नये. आला, तर मान झटकून तो बाहेर टाकायचा आणि गाडी कॅन्सल. पुढच्या थांब्यावरून नाही, थेट रत्नागिरीहून परत. मध्ये कोणी बोललं तरी कॅन्सल. त्यामुळे राहीची खरी गाडी पनवेलला लागून ती जेवून झोपलेली असायची तरी मास्तरची गाडी संगमेश्वरच्या पुलाच्या अलीकडे-पलीकडे करत असायची. उभ्या आयुष्यात त्याची गाडी इतकी लेट कधी झाली नव्हती.

घरी बायकोने, सखूने, "अहो, बाजारातून बांगडा आणू की सौंदाळा?" असं विचारलं, की मास्तर डोळे मिटून एक बोट वर करायचा. बोलू नको. सखू बिचारी बोटाकडे बघत उभी राहायची आणि मग मनाला येईल तो मासा आणायची. शेजारच्या आप्पांनी एकदा त्याला अंगणात डोळे मिटून ओठ हलवताना पाहिलं आणि वाडीत सांगितलं, मास्तरला गुरू भेटला, मोठं नामस्मरण चालतं. पुढच्या गुरुवारी दोन बायका नारळ घेऊन पाया पडायला आल्या. मास्तर तेव्हा लोट्याला होता. नारळ ठेवून घेतला, काय करणार? ज्या तोंडाने 'भरणे नाका, चला, भरणे नाका' चाललं होतं, त्याच तोंडाने त्याने त्यांना आशीर्वाद दिला. असला भोंदू महाराज कोकणात दुसरा नसेल, असं त्याला स्वतःलाच वाटलं.

हसण्यावारी नेण्यासारखं होतं तोवर ठीक. पण गेल्या मे महिन्यात जे झालं ते हसण्यासारखं नव्हतं, आणि गंमत अशी की झालं ते मास्तरला कळलंही नाही.

राही सुट्टी संपवून परत निघाली होती. सकाळची गाडी, स्टँडवर ही गर्दी. सखू चिवड्याचा डबा विसरला म्हणून रिक्षाकडे धावली होती. राही खिडकीशी बसली होती आणि मास्तर खाली उभा. राही काहीतरी बोलत होती. बराच वेळ बोलत होती, हळू आवाजात, गजाला धरून. मास्तरने मात्र आज गाडी जरा आधीच सोडली होती, कारण आधी सोडली तर कशेडी लवकर पार होते असा त्याचा हिशोब. तो तेव्हा चिपळूणला. राहीचे ओठ हलताना दिसत होते आणि कानात टण टण. मग एकदम ती ओढणी आली, करवंदीच्या जाळीवर. मास्तरने डोळे घट्ट मिटले आणि मान झटकली, डावीकडे, उजवीकडे, जोरात. डोळे उघडले तेव्हा राही खिडकीतून मागे सरकली होती. खरी गाडी सुटली. मास्तरने हात केला. तिने केला नाही.

त्यानंतर राही बदलली. फोन आईला करायची. "बाबांना सांग, बरी आहे." गणपतीला आली ती दीड दिवस राहिली, आरतीत झांजा वाजवल्या आणि गेली. मास्तरशी बोलली ते एवढंच की, "बाबा, गोळी घेतलीत का?" ती बीपीची गोळी. पोर अशी तुटक का वागते, याचा मास्तरने विचार केला आणि आपल्या परीने उपायही केला. फेऱ्या वाढवल्या.

पौष लागला तेव्हा करीमने त्याला पकडलं. करीम म्हणजे करीम ड्रायव्हर, राजिवड्याचा. बावीस वर्षं दोघांनी एकच गाडी चालवली होती, म्हणजे करीमने चालवली आणि मास्तरने बेल मारली. दर मंगळवारी दोघं स्टँडच्या कँटीनमध्ये चहा प्यायचे. त्या दिवशी करीम आपल्या नातवाचं, साकिबचं, काही सांगत होता आणि मास्तरने बोट वर केलं. करीमने ते बोट धरलं आणि खाली टेबलावर दाबलं.

"मास्तर, हे बोट तू सखूवहिनीला दाखव. मला काय ते सांग, नायतर चहाचं बिल तू दे."

मास्तर कंडक्टर माणूस, बिलाच्या धमकीने बोलता झाला. सगळं सांगितलं. गाडी, बेल, ओढणी, कॅन्सल. करीम न हसता ऐकत होता आणि मास्तरला तेच जास्त लागत होतं.

"आणि ह्या गाडीवर ड्रायव्हर कोण?" करीमने शेवटी विचारलं.

मास्तरने मान खाली घातली. "तूच. दुसरा कोण असणार?"

"अरे वा रे वा! बावीस वर्षं मी गाडीला खरचटू दिलं नाय, आणि तू मला रोज चार-चारदा दरीत पाडतोस? कुठं, तर कशेडीला?"

"हां."

"अरे मेल्या, कशेडीला बोगदा झालाय! पनवेलची गाडी घाटातून जाते कुठं आता? सरळ बोगद्यात शिरते नि पलीकडे निघते. तुझी पोर गेली दोन वर्षं डोंगराच्या पोटातून जातेय नि तू डोंगराच्या माथ्यावर तिची राखण करतोस!"

मास्तरने कपाळावर हात मारला. बोगदा त्याला माहीत नव्हता असं नाही, पेपरात फोटो पाहिला होता. पण डोक्यातल्या गाडीला तो कोणी कळवलाच नव्हता. एवढी दोन वर्षं आपण जीव काढून पहारा दिला तो ज्या रस्त्याने पोर जातच नाही त्या रस्त्यावर! दुसरा एखादा शहाणा असता तर तिथल्या तिथे बरा झाला असता. मास्तर घरी गेला आणि पहिलं काम काय केलं? भरणे नाक्यानंतर 'बोगदा' हा नवा थांबा घातला. आता विचार यायचा तो बोगद्यात दिवे गेल्याचा.

"असं नाय जात ते," करीम पुढच्या मंगळवारी म्हणाला. "आमच्या घरात मासूमाला, माझ्या बायकोला, असंच होतं. नमाजाआधी हातपाय धुऊन, वजू करून उठायची, की मनात यायचं, कोपर कोरडं राहिलं. परत बसायची. नमाजाची वेळ निघून जायची पण कोपर काय भिजायचं नाय. मौलवीसाहेबांनी सांगितलं, सोडून दे. सुटेना. मग मीच नेली डॉक्टरकडे. चल तू."

"मी काय वेडा आहे?"

"नाय. तू बिनपगारी आहेस. चल."

डॉक्टर म्हणजे मारुती मंदिरच्या बाजूला नवीनच आलेली एक तरुण बाई, मृणाली मॅडम. तिने ऐकून घेतलं, दोन-चार प्रश्न विचारले, आणि या रोगाला नाव आहे, तो पुष्कळांना असतो, असं सांगितलं. मास्तरला थोडं वाईटच वाटलं. त्याला वाटलं होतं आपलं काहीतरी खास आहे.

"वाईट विचार सगळ्यांना येतात हो काका," ती म्हणाली. "मलाही येतात. तो आला म्हणून काही घडत नाही, आणि तुम्ही थांबे म्हटले म्हणून काही टळत नाही. विचार आला तर येऊ दे. हाकलू नका. आणि गाडी परत डेपोत आणायची नाही. जिथे असेल तिथे सोडायची आणि घरातल्या कामाला लागायचं."

"अर्ध्यात?"

"अर्ध्यात."

"पण आत पॅसेंजर असतात ना मॅडम! बायामाणसं, पोरं. त्यांना आरवलीला रस्त्यात उतरवून कसं जमेल?"

बाहेर बाकावर बसलेल्या करीमने हे ऐकलं. "उतरव की! आजवर एकाचं तरी तिकीट फाडलंस काय?"

मॅडमने एक गोळी लिहून दिली, आठवड्याने यायला सांगितलं आणि आणखी एक गोष्ट सांगितली. घरी सांगा. घरच्यांना ठाऊक नसलं की ते नकळत याला पाणी घालत राहतात.

पहिले पंधरा दिवस मास्तरच्या अंगाला नुसता घाम. गाडी आरवलीला सोडून तो नारळाला पाणी घालायला जायचा, आणि नारळ संपले की चोरासारखा परत येऊन गाडी सावर्ड्यापर्यंत न्यायचा. एकदा चिपळूणला सोडली आणि चक्क दोन तास आठवण आली नाही. आठवण आली तेव्हा इतका आनंद झाला की आनंदाच्या भरात पुन्हा हातखंब्यापासून सुरू केलं. स्वतःच्या मूर्खपणाची त्याला आता सवय होत चालली होती. पण घरी सांगायचं तेवढं जमत नव्हतं. लाज वाटायची.

शेवटी माघातल्या एका शनिवारी सांगितलं. राही त्या दिवशी येणार होती, सकाळीच पनवेलहून निघाली होती, आणि मास्तरच्या डोक्यातली गाडी नको नको म्हणताना इंजिन गरम करून उभी होती. सखू मागच्या पडवीत बांगडे साफ करत बसली होती. मास्तर तिच्यासमोर पाटावर बसला आणि डोळे न मिटता, बोट वर न करता, सगळं बोलून मोकळा झाला.

सखूचा हात विळीवर थांबला. "म्हणजे ते नामस्मरण नाय?"

"नाय."

"आणि मे महिन्यात स्टँडवर? तेव्हा पण हेच?"

"चिपळूणला होतो," मास्तर म्हणाला. "ती काहीतरी बोलत होती. मी ऐकलं नाय."

सखूने हातातला बांगडा टोपात टाकला आणि मासळीच्या हातानेच कपाळ बडवून घेतलं. "अहो, मेलं माझं नशीब! पोरीने तुम्हाला लग्नाचं विचारलं हो त्या खिडकीतून! लांज्याचा मुलगा आहे, ऋत्विक, तिच्याच लॅबमधला. म्हणाली, बाबा, तुम्ही हो म्हणालात तरच. तुम्ही तोंड दगडासारखं केलंत, डोळे मिटलेत नि मान हलवलीत. नाय, नाय, नाय!"

मास्तर पाटावरून अर्धा उठला नि परत बसला.

"मी दोनदा विषय काढला तुमच्याकडे," सखू रडवेली झाली. "दोन्ही वेळा बोट वर. राहीने मला शपथ घातली, बाबांना आता त्रास देऊ नको. नऊ महिने थांबली पोर. आज येतेय ती कशाला ठाऊक आहे? उद्या लांज्याला जाऊन त्या माणसांना सांगणार आहे, आमच्या बाबांच्या मनात नाही, तुम्ही मुलासाठी दुसरीकडे बघा."

जिच्यासाठी एवढ्या फेऱ्या मारल्या तिच्याच संसारावर आपण गाडी घातली, हे मास्तरला त्या पाटावर बसल्या बसल्या कळलं, आणि त्याला एवढं रडू आलं की त्याने पंच्याचा बोळा तोंडावर धरला.

तेवढ्यात सखूचा फोन वाजला. राहीचाच होता. पोलादपूर सोडलं की ती आईला फोन करायची. सखूने काही न बोलता फोन मास्तरच्या कानाला लावला, मासळीच्या हातासकट.

"राही, मी बोलतोय."

"बाबा?" राहीचा आवाज एकदम बदलला. "काय झालं? आई बरी आहे ना?"

बाप फोनवर आला म्हणजे घरात काहीतरी विपरीत घडलं असणार, अशी वेळ त्याने आणली होती.

"आई बरी आहे. राही, ऐक गो. मे महिन्यात स्टँडवर तू खिडकीतून बोललीस ना, ते मी ऐकलंच नाय."

राही म्हणाली, "बाबा, तुम्ही मान हलवलीत. मी बघितलं."

"ती तुला नव्हती हलवली."

"मग कोणाला?"

"दरीला," मास्तर म्हणाला, आणि आपण किती वेड्यासारखं बोलतोय हे त्याला ऐकू आलं. "माझ्या डोक्यात ना, एक गाडी असते... म्हणजे तू गाडीत बसलीस की... तू लांज्याला नाय म्हणून सांगू नको, आधी मला ते परत..."

फोन तुटला.

मास्तरने फोन कानावरून काढून बघितला, परत लावला. सखूने नंबर लावून दिला. बाईचा गोड आवाज आला, ही व्यक्ती संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे. पोलादपूरच्या पुढे. बोगदा. आणि ती ओढणी आली. जाळीवर नाही, या वेळी अंधारात, आणि नको इतकी पिवळी. हात आपसूक डोक्यातल्या गाडीच्या घंटीच्या दोरीकडे गेला. एकदाच, फक्त आजच्या दिवस. पनवेलहून सुरू करू, भराभर घेऊ, पेण, वडखळ, कोलाड, ती बोगद्यातून निघेपर्यंत तिला सोबत होईल. आज नाही करायचं तर कधी करायचं? आज तर पोरीच्या आयुष्याचा प्रश्न!

मान झटकायला सुरुवात झालीच होती. त्याने ती दोन्ही हातांनी धरली. सखू घाबरून बघत राहिली. नवरा पाटावर बसून स्वतःचंच डोकं भोपळ्यासारखं धरून बसला होता. ही मान एकदा हलली त्यात नऊ महिने गेले होते. आता काय वाटेल ते होवो, ही हलवायची नाही. ओढणी तिथेच होती. असू दे. दोरी समोर लोंबत होती. लोंबू दे. मास्तरच्या कानशिलावरून घाम गळत होता, आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा तर मेला अडकलाच होता.

सखूला काय करावं सुचेना. तिने आपलं नेहमीचं विचारलं, बोट वर येणार हे धरूनच. "अहो, बांगड्याचं तिखलं करू की तळू?"

"तळ," मास्तर म्हणाला. "राहीला तळलेला आवडतो. दोन जास्त तळ."

सखूने तोंडाला पदर लावला. तीन वर्षांत पहिल्यांदा तिला माशाबद्दल उत्तर मिळालं होतं.

फोन वाजला.

"बाबा, बोगदा होता. रेंज गेली होती. काय म्हणत होतात तुम्ही?"

मास्तरने मान अजून एका हाताने धरलेलीच होती. "परत सांग म्हटलं. पहिल्यापासून सांग."

"कुठून पहिल्यापासून?"

"खिडकीपासून. मी खाली उभा आहे. बोल."

मग राहीने नाक ओढलं. "बाबा, एक मुलगा आहे," ती म्हणाली. "लांज्याचा."

मास्तरच्या डोक्यात लगेच कुणीतरी लांज्याच्या वाटेवरचं 'हातखंबा, पाली' म्हणायला लागलं. म्हणू दिलं त्याने.

"लांज्याला आपल्याकडून थेट गाडी आहे," तो म्हणाला. "बदलायला लागत नाय. बरं, मग?"

राही सांगायला लागली, आणि मास्तर ऐकत राहिला.